पहिली होडी : तोल, दिवा आणि गाडी

समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यांत मच्छीमारीच्या होडीचा विचार करावयाचा, हें प्रथम ऐकणारास थोडें विचित्र वाटेल. मासळी म्हटली कीं कोंकणचा किनारा, शिडाचीं गलबतें आणि खारा वारा हींच चित्रें मराठी मनापुढें उभीं राहतात. परंतु महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला, वैनगंगेच्या खोऱ्यांत, मासळीचा दुसरा एक संसार पिढ्यान् पिढ्या चाललेला आहे, आणि तो सर्वस्वीं गोड्या पाण्याचा आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा मुलूख तलावांचा मुलूख आहे. तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा व चोरखमारा, अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांध, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण हीं नांवें बाहेरच्या लोकांना सहलीच्या निमित्तानें ठाऊक झालीं आहेत. पण गांवोगांवचे लहान तलाव आणि शेतांतल्या बोड्या यांकडे प्रवाशाचें लक्ष क्वचितच जातें. आणि या जिल्ह्याची मासळी मुख्यतः तेथूनच येते.

हे जुने तलाव निसर्गानें दिलेले नाहींत. माणसानें मातीची पाळ घालून ते अडविलेले आहेत. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी समाजानें ही विद्या जोपासली. नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें परंपरा सांगते. उताराची जमीन हेरून पाळ कोठें घालावी, जादा पाणी कोठून सोडावें आणि 'तुडुम' नांवाच्या मोरींतून भातशेतीला पाणी कसें द्यावें, हें त्यांचें ज्ञान पुस्तकी नव्हतें, पण पक्कें होतें. पुढें हे तलाव मालगुजारांच्या ताब्यांत राहिले. १९५०-५१ सालीं जुन्या मध्यप्रदेशांत मालगुजारी हक्क रद्द होऊन ते शासनाकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव' हें लाडकें नांव बसलें.

तलाव बांधला गेला तो भातासाठीं. मासळी हें त्याचें दुसरें उत्पन्न. तें काढणारा वर्ग मुख्यतः ढिवरांचा. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानें घेतात, पावसाळ्यांत मत्स्यबीज सोडतात आणि पाणी उतरूं लागलें म्हणजे माल काढतात. रोहू, कतला, मृगळ हे मासे नदीच्या पुरांत अंडीं घालतात. साठलेल्या तलावांत सहसा घालीत नाहींत. म्हणून पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून गोळा करून आणावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधुरी यांनीं संप्रेरकांचें टोचण देऊन या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालवून घेतलीं, आणि लहानशा गांवतलावालाही खात्रीचें बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याबरोबर पाण्यावरचीं कामेंही वाढलीं. बीज सोडणें, खाद्य टाकणें, माजलेली वनस्पति काढणें, संध्याकाळीं जाळें लावून पहाटे तें उचलणें, रात्रीं राखण करणें, हीं कामें कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून किंवा मोटारीच्या फुगविलेल्या ट्यूबवर बसून नीटपणें होत नाहींत. तेथें होडीच लागते.

यावरचा जुना उपाय म्हणजे डोंगा. एका जाड खोडाचा गाभा कोरून तो केलेला असतो. त्याला सांधा नाहीं, म्हणून सांध्यांतून गळण्याचें भय नाहीं. आणि कमळांच्या व शिंगाड्यांच्या वेलींतून तो सहज सरकतो. पण झाडाची जाडी हीच त्याची रुंदी, म्हणून तो अरुंद असतो; आणि ओल्या लांकडाचा असल्यामुळें जडही असतो. शिवाय तसलीं खोडें आतां सहजासहजीं मिळत नाहींत. त्यामुळें एखाद्या कुटुंबानें, किंवा चार घरांनीं मिळून, फळ्यांची अथवा फायबरची पहिली होडी घ्यावयाची ठरविली, तर तो बेत शहाणपणाचाच म्हणावा लागेल. मात्र बाजारांतून आणलेली होडी पाण्यावर तरंगली म्हणजे ती कामाला सिद्ध झाली, असा जो समज असतो, तो खोटा आहे. तरंगणें हा होडीचा स्वभावच आहे. तिच्या सिद्धतेची परीक्षा भार चढल्यावर, अंधार पडल्यावर आणि तिला दुसऱ्या तलावावर न्यावयाची वेळ आल्यावर होते. पहिल्या परीक्षेला तोल लागतो, दुसरीला दिवा आणि तिसरीला गाडी. तिन्हींचा हिशेब होडी पाण्यांत लोटण्यापूर्वींच मांडतां येतो, आणि तो शाळेंत शिकलेल्या गणितापलीकडचा नाहीं.

प्रथम तोल. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम सर्वांना पाठ असतो. त्याचा उपयोग मात्र फार थोडे लोक करतात. समजा, होडीचा तळ सपाट असून तो ३ मीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद आहे, आणि तिची बाजू ४० सेंटिमीटर उंच आहे. तळाचें क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर झालें. ही होडी एक सेंटिमीटर खालीं गेली, तर २७ लिटर पाणी, म्हणजे २७ किलोग्राम भार, पेलला जातो. आतां भार मोजावा. होडी स्वतः ६० किलोग्राम, दोन माणसें १२०, भिजलेलें जाळें २५, मासळी ७५, बॅटरी आणि किरकोळ सामान १० : एकूण २९० किलोग्राम. त्याला २७ नीं भागिलें असतां होडी सुमारें ११ सेंटिमीटर बुडते आणि २९ सेंटिमीटर कड पाण्यावर राहते. पूर्ण भारानिशीं निदान एक वीत, म्हणजे सुमारें २३ सेंटिमीटर, कड कोरडी असावी, असा नियम धरला तर ही होडी त्यांत बसते. तिसरा माणूस आणि आणखी ४० किलोग्राम मासळी चढविली, तरी होडी साडेचौदा सेंटिमीटरांपर्यंतच बुडेल आणि हिशेब कागदावर बरोबरच दिसेल. तलावावरचे अपघात या कागदी समाधानांतूनच होतात.

कारण होडी बुडते ती बहुधा भारानें नव्हे, कलण्यानें. ९० सेंटिमीटर रुंदीची होडी ३० अंशांनीं कलली, तर तिची खालची कड सुमारें २२ सेंटिमीटर खालीं येते. राखून ठेवलेली एक वीत तेवढ्यांतच संपते. मग एक लहानशी लाट पुरते. एकदां पाणी आंत आलें कीं तें कललेल्या बाजूलाच धांवतें आणि होडी सावरण्याऐवजीं आणखी कलते. ही कलण्याची प्रवृत्ति दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट रुंदी. लांबी तीच ठेवून रुंदी वाढविली, तर पाण्याचें सावरून धरण्याचें बळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. ६० सेंटिमीटर रुंदीच्या डोंग्याऐवजीं ९० सेंटिमीटरांची होडी घेतली, तर रुंदी दीडपटच झाली. पण हें बळ सव्वातीनपटीहून अधिक झालें. होडी विकत घेतांना लांबीचा मोह सोडून रुंदीला पैसे द्यावे, तें याच कारणानें. दुसरी गोष्ट भाराची उंची. फळीवर बसलेल्या माणसाचा भारमध्य तळापासून सुमारें हातभर वर असतो. तोच माणूस उभा राहिला कीं तो दोन हातांवर जातो. उभ्यानें जाळें ओढणारीं दोन माणसें एकाच कडेला झुकलीं, म्हणजे होडी उलटविण्यासाठीं जें जें करावयाचें तें सर्व त्यांनीं केलेलेंच असतें. म्हणून जाळें बसून किंवा गुडघे टेकून ओढावें. एकानें ओढावें तेव्हां दुसऱ्यानें समोरच्या बाजूला भार द्यावा. आणि मासळी एका टोंकाला ढिगानें न टाकतां मध्यभागीं तळाशीं, आडव्या फळीनें अडवून ठेवावी.

एवढें करूनही होडी कधींतरी भरेल असें गृहीतच धरून चालावें. लांकडी होडी पाण्यानें भरली तरी बहुधा तरंगत राहते. फायबरची होडी तशी नाहीं; फायबर पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतें. ६० किलोग्राम वजनाची होडी भरली तर पाणी तिचें ४० किलोग्राम उचलतें आणि उरलेलें २० तिला तळाशीं ओढतात. म्हणजे नुसती होडी वर राहण्यास २० लिटर बंद पोकळी हवी. तिला धरून राहणारीं माणसें आणि अडकलेलें सामान लक्षांत घेऊन ६० लिटर थर्मोकोल बसवावें. तें एकाच ठिकाणीं न ठेवतां दोन्ही टोंकांना आणि दोन्ही कडांखालीं, शक्य तितकें वर बसवून त्यावर पक्कें आवरण घालावें. म्हणजे भरलेली होडी पालथी न होतां सरळ राहते. या थर्मोकोलाचें वजन दीड-दोन किलोग्रामांहून अधिक होत नाहीं. बुडणाऱ्या माणसाला डोकें वर ठेवण्यास फार मोठें बळ लागत नाहीं. चांगलें जीवरक्षक जाकीट सुमारें ७ किलोग्रामांची उचल देतें, आणि तेवढें मोठ्या माणसाला पुरतें. पण तें अंगांत असलें पाहिजे. बसण्यासाठीं गादी म्हणून घडी करून ठेवलेलें जाकीट कोणाला वांचवीत नाहीं. पोहतां येणाऱ्या माणसासही हाच नियम लागू आहे, कारण पाण्यांत पडतांना अंगाभोंवतीं जाळें असतें, आणि जाळ्यांत अडकलेल्या पायांपुढें पोहण्याची कला चालत नाहीं.

याखेरीज होडींत दोन वल्हीं, उथळ पाण्यासाठीं लांब बांबू, दोराला बांधलेला नांगर, पाणी उपसण्याचें दोरीनें अडकविलेलें भांडें आणि जाळें कापण्यास धारदार सुरी एवढें साहित्य असावें. पहिल्या दिवशीं होडी छातीइतक्या पाण्यांत नेऊन तीत वाळूचीं पोतीं भरावीं, एकेका कडेला भार देऊन ती किती कलते तें पाहावें, आणि भाराची हद्द रंगानें बाहेरून रेघ मारून दाखवावी. ही रेघ पाण्याखालीं गेली कीं माणूस किंवा माल उतरवावयाचा, याविषयीं वाद घालूं नये.

आतां दिव्याचा विचार. जाळें लावण्याची वेळ तिन्हीसांजेची आणि उचलण्याची पहाटेची. मधल्या राखणीला रात्र असते. हातांत विजेरी धरली तर एक हात अडकतो, आणि तोंडांत धरली तर हांक मारतां येत नाहीं. म्हणून होडीला स्वतःचा दिवा असणें ही चैन नव्हे. ५ वॉटचे दोन एलईडी दिवे पुरतात. एक उंच काठीवर, दुसऱ्यांना होडी दिसावी म्हणून, आणि दुसरा खालीं, काम दिसावें म्हणून. दोन्हींना वरून व डोळ्यांच्या बाजूनें झांकण असावें. उघडा दिवा डोळे दिपवितो, आणि पाणी, कांठ व पाण्यांतलीं झुडपें यांतलें कांहींच मग दिसत नाहीं.

हे दोन दिवे १० वॉट खातात. १२ व्होल्टची ७ ॲम्पिअर-तासांची लहान बंद बॅटरी घेतली, तर तींत ८४ वॉट-तास साठतात. शिशाच्या बॅटरीचा अर्ध्याहून अधिक सांठा रोज काढला तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून ४२ धरावे. त्याला १० नीं भागिलें असतां चार तास प्रकाश मिळतो. संध्याकाळचे दोन आणि पहाटेचे दोन तास एवढीच गरज असली, तर अडीच किलोग्रामांच्या आंतली ही बॅटरी पुरेशी आहे. ती घट्ट झांकणाच्या पण हवा खेळूं शकेल अशा डब्यांत, तळापासून वर उचलून, पट्ट्यानें बांधून ठेवावी. शिशाच्या बॅटरींतून भरतेवेळीं ज्वालाग्राही वायु निघूं शकतो. म्हणून ती चुलीजवळ किंवा बंद कोठडींत भरूं नये.

तारा जोडतांना सर्वांत महत्त्वाची वस्तु सर्वांत स्वस्त आहे. ती म्हणजे फ्यूज. लोकांची समजूत अशी कीं १२ व्होल्टची वीज झटका देत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी असते. झटका देत नाहीं हें खरें. पण बॅटरीचीं दोन टोंकें चुकून एकमेकांना भिडलीं, तर एवढीशी बॅटरीही तार लाल होईपर्यंत प्रवाह सोडते, आणि मग पाण्याच्या मध्यभागीं आग लागते. फ्यूज हा जाणूनबुजून ठेवलेला दुबळा दुवा आहे. तो धन टोंकापासून वीतभराच्या आंत असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या तारेला कोणाचेंच संरक्षण नसतें. दिव्यांच्या जोडणीला ५ ॲम्पिअरचा फ्यूज पुरे. तो वारंवार वितळूं लागला तर मोठा फ्यूज घालूं नये. तार कोठें सोलली गेली आहे तें शोधावें. वितळलेल्या फ्यूजच्या जागीं चांदीचा कागद गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्याला घरीं पाठवून दार उघडें टाकण्यासारखें आहे.

तार बहुपदरी तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. प्रत्येक दिव्याला जाणारी व परत येणारी अशा दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्या. होडीच्या कोणत्याही लोखंडी भागाचा परतीच्या वाटेसाठीं उपयोग करूं नये, नाहीं तर तो भाग गंजून झिजतो आणि दोष सांपडत नाहीं. सांधे शक्यतों टाळावे. जेथें टाळतां येत नाहींत, तेथें तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यावर भागवूं नये. सांधा दाबून घट्ट करावा आणि त्यावर उष्णतेनें आक्रसणारी नळी चढवावी. डब्यांत शिरण्यापूर्वीं तारेला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं गळून पडतें, आंत जात नाहीं.

दिवे झाले कीं मोटारीचा मोह होतो, आणि हातवल्ह्याला कंटाळलेल्या माणसाला दोषही देतां येत नाहीं. परंतु येथेंही हिशेब आधीं हवा. विजेवर चालणारी लहान मोटार पूर्ण वेगांत ३० ॲम्पिअर प्रवाह घेते. दिव्यांची १.५ चौरस मिलिमीटरची तार चार मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर, नेली तर तिचा विरोध सुमारें ०.१ ओहम होतो. दिव्यांच्या एका ॲम्पिअरहूनही कमी प्रवाहाला तो जाणवत नाहीं. पण ३० ॲम्पिअरला ३ व्होल्ट तारेंतच खर्च होतात, म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सा तार तापविण्यांत जातो. मोटारीला १० चौरस मिलिमीटरची तार आणि तिचा निराळा फ्यूज लागतो. शिवाय १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरली तर अवघे पावणेदोन तास मिळतात, आणि तिचें वजन एकटीचें पंचवीस-तीस किलोग्राम, म्हणजे होडीची एक सेंटिमीटर कड. बेशरमीच्या फांद्या आणि जलपर्णी माजलेल्या तलावांत मोटारीचा पंखा घडोघडीं अडकतो तें वेगळेंच. इटियाडोहासारख्या विस्तीर्ण जलाशयावर तिचा उपयोग आहे. गांवतलावावर मात्र बांबू व वल्हें यांचेंच राज्य चालूं द्यावें.

विजेविषयीं आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. घराची किंवा शेतपंपाची २३० व्होल्टची वीज होडीच्या आसपास कोणत्याही कारणानें आणूं नये. तिचा प्रवाह पाण्यांत सोडून मासे मारण्याचा जो प्रकार कोठें कोठें होतो, त्यांत माशाबरोबर माणूसही मरतो. आणि पुढच्या वर्षीं पकडावयाचीं पिलें आजच नाहींशीं होतात. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेंच बंदी घातली.

राहिली गाडी. समुद्रावरच्या होडीला घर एकच असतें. तलावावरच्या होडीला दोन-तीन तलाव सांभाळावे लागतात. संस्थेनें एकाहून अधिक तलाव घेतलेले असतात, आणि एका तलावाची मासळी काढून झाली कीं होडी दुसऱ्यावर जाते. पाळीवरून चार माणसांनीं ती खांद्यावर उचलणें, किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत उपडी टाकून नेणें, हे उपाय तळ फुटण्यास कारण होतात. गांवच्या शिवारांतच न्यावयाची असेल तर दोन चाकांचा हातगाडा पुरे. त्याच्या मागें लाल परावर्तक मात्र असावा. दूर न्यावयाची असल्यास जीपला किंवा ट्रॅक्टरला जोडावयाची हलकी गाडी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें अशी ओढली जाणारी गाडीही मोटार वाहनांतच गणली, म्हणून लोहाराकडून ती करवून घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत नोंदणीची चौकशी करावी.

या गाडीचा तोल कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाहीं. बैलगाडींत माल मागें अधिक झाला कीं ती उलाळ होते, जूं वर उचलतें. पुढें अधिक झाला कीं बैलांच्या मानेवर भार पडतो. होडीच्या गाडीचेंही तेंच आहे. होडी ६०, गाडी ७० आणि सामान २० मिळून १५० किलोग्राम भार असला, तर त्यांतला दहावा हिस्सा, म्हणजे सुमारें १५ किलोग्राम, जोडाच्या हुकावर पडावा. तो घरच्या साध्या वजनकांट्यावर मोजतां येतो. याहून कमी असला तर वेगांत गाडी मागें डावी-उजवीकडे झोके घेऊं लागते, आणि ब्रेक दाबल्यानें झोके वाढतात. फार असला तर पुढच्या वाहनाचा मागचा भाग दबतो. आंस पुढें-मागें सरकवून किंवा होडी सरकवून हा भार जमवावा. होडीचा तळ दोन लांब, मऊ आवरण घातलेल्या लांकडांवर टेकवावा. एकाच बिंदूवर टेकला तर खड्ड्यांत फायबरला तडा जातो. नाक पुढें एका दोरानें, व मागची बाजू दोन पट्ट्यांनीं बांधावी. बॅटरी, नांगर आणि मासळी होडींत ठेवून प्रवास करूं नये.

गाडीच्या दिव्यांसाठीं पांच तारा लागतात : मागचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा, डावा इशारा, उजवा इशारा आणि सर्वांची परतीची तार. ही पांचवी तार पुष्कळ मिस्त्री गाळतात आणि लोखंडी हुकांतूनच प्रवाह परत जाईल असें धरतात. नव्या, कोऱ्या हुकांत तो जातोही; पण गंज व ग्रीस सांचलें कीं जात नाहीं. डावा इशारा लावला असतां सगळेच दिवे मंद होऊन मिचकावूं लागले, तर परतीची वाट तुटली आहे असें खुशाल समजावें. पाण्यांत गाडी उतरविण्यापूर्वीं तारांचा जोड काढून घ्यावा, कारण तापलेला साधा बल्ब थंड पाण्यांत फुटतो. चाकांच्या बेअरिंगांचीही तीच गोष्ट. लांबून आलेलें, तापलेलें चाक लगेच पाण्यांत घातलें तर आंतली हवा आकुंचन पावते आणि पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस निकामी होऊन कांहीं महिन्यांत बेअरिंग कुरकुरूं लागतें. अर्धा तास थांबावें, आणि शक्य तर आंस बुडेल इतकी गाडी पाण्यांत नेऊंच नये. शेवटचे चार हात होडी हातांनीं सरकवावी.

एका तलावावरून दुसऱ्यावर जातांना होडीबरोबर नको ते पाहुणेही जातात. जलपर्णीचा एक तुकडा पुढें सारा तलाव झांकून टाकूं शकतो. माशांच्या अंगावर व्रण पाडणारा रोग १९८८ सालीं भारताच्या ईशान्य भागांत आला आणि पुढें सर्वत्र पसरला. असले रोग पाण्याबरोबर, ओल्या जाळ्याबरोबरही प्रवास करतात. म्हणून होडी रिकामी करून, धुवून, जाळ्यासह कडक उन्हांत पुरती वाळवून मगच दुसऱ्या पाण्यांत घालावी. ऊन फुकट मिळतें, आणि त्याइतकें चांगलें औषध दुसरें नाहीं.

पाण्यावरचे शेवटचे चार नियम तलावानेंच शिकविलेले आहेत. तुडुम उघडें असतांना त्याच्या जवळ जाऊं नये. वरून शांत दिसणारें पाणी तेथें खालीं ओढीत असतें. सांडव्यावरून पाणी जात असतांना त्याच्या समोर नांगर टाकूं नये. मोठ्या जलाशयावर वारा सुटला तर लाटेला बाजू न देतां नाक द्यावें आणि जवळचा कांठ धरावा; तो आपल्या गांवचा नसला तरी चालेल. आणि ढगांचा गडगडाट ऐकूं येतांच जाळें तसेंच सोडून पाण्याबाहेर यावें. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तु म्हणजे होडींतला माणूसच असतो.

हें सारें साहित्य एकदम घेण्याइतका पैसा पहिली होडी घेणाऱ्यापाशीं क्वचितच असतो. २०२० सालीं केंद्र शासनानें सुरू केलेल्या मत्स्यसंपदा योजनेंत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, आणि स्त्रिया व अनुसूचित जाति-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद झाली; तरी उरलेला भाग घरच्या दागिन्यांतून किंवा संस्थेच्या कर्जांतून उभा राहतो. अशा वेळीं खरेदीचा क्रम चुकतां कामा नये. प्रथम रुंद होडी आणि तींतलें थर्मोकोल, त्याबरोबर प्रत्येक माणसामागें एक जाकीट, नंतर फ्यूजसह लहान बॅटरी व दिवे, मग गाडी, आणि मोटार सर्वांत शेवटीं. प्रत्यक्षांत हा क्रम पुष्कळदां उलटा होतो, कारण मोटारीचा आवाज गांवभर ऐकूं जातो आणि फळीखालचें थर्मोकोल कोणाला दिसत नाहीं.

शहरांतल्या घरीं रविवारीं रोहूची तुकडी ताटांत येते, तेव्हां तिच्यामागें एका कुटुंबाची पहाट उभी असते. पाळीवर बसून होडीची वाट पाहणाऱ्या त्या घरच्या माणसांना दूरवर काठीवरचा दिवा हळूहळू जवळ येतांना दिसतो, आणि तो दिसला म्हणजेच त्यांचा दिवस सुरू होतो. तो दिवा रोज परत यावा एवढ्यासाठींच वीतभर कड, दोन किलोग्राम थर्मोकोल आणि चार पैशांचा फ्यूज यांचा हिशेब आधीं मांडावयाचा. होडी विकणारा हा हिशेब सांगत नाहीं. तो संस्थेच्या कचेरींत, शाळेच्या वर्गांत आणि घरच्या ओट्यावर सांगितला गेला पाहिजे.